ययाती, अश्वत्थामा, मृत्युंजय : मराठी साहित्यातील अमरत्वाचा प्रश्न

१

मराठी पत्रलेखनाच्या संकेतात 'चि.' हे एक अक्षर नेहमी वडीलधाऱ्याकडून धाकट्याकडे जाते. बाप मुलाला 'चिरंजीव' लिहितो, मुलगा बापाला 'तीर्थरूप' लिहितो. लग्नपत्रिकेत वर आणि वधू यांच्या नावामागे 'चि.' येते, निमंत्रण देणाऱ्या आजोबांच्या नावामागे ते कोणी लावत नाही. दीर्घायुष्य ही इच्छा करण्याजोगी गोष्ट आहे याविषयी या संस्कृतीला शंका नाही. मात्र ती इच्छा स्वतःसाठी करायची नसून पुढच्या पिढीसाठी करायची असते, असा दंडक या लहानशा संकेतात रूढ झालेला दिसतो. आयुष्याच्या आशीर्वादाला एक दिशा आहे आणि ती खालच्या दिशेने वाहते.

कायम जगणे खरोखरच इष्ट आहे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानात बहुधा एकट्या व्यक्तीला समोर ठेवून विचारला जातो : अनंत काळ मिळाला तर ती सुखी होईल की कंटाळेल? मराठी साहित्याने हा प्रश्न ज्या मिथकांच्या आधारे हाताळला, त्यांत व्यक्ती एकटी नाही. तिच्या मागेपुढे वंश आहे, मुलगा आहे, सून आहे. त्यामुळे तेथे प्रश्नाचे रूपच पालटते. 'मला किती जगता येईल?' या प्रश्नाच्या जागी 'माझे हे जगणे कोणाच्या वाट्यातून येणार?' हा प्रश्न उभा राहतो. हा पालट समजून घेण्यासाठी कोल्हापुरात १९५९ ते १९६७ या आठ वर्षांत सिद्ध झालेल्या दोन कादंबऱ्या विशेष उपयोगी पडतात. वि. स. खांडेकरांची 'ययाती' आणि शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' या त्या कादंबऱ्या होत. दोहोंचा आधार महाभारत आहे आणि दोहोंची लोकप्रियता अफाट आहे. त्यांचा विचार मात्र क्वचितच एकत्र केला जातो.

२

आदिपर्वातील ययातीच्या आख्यानाकडे 'भोगाने भोगेच्छा शमत नाही' या तात्पर्याचे वाहन म्हणून पाहण्याची सवय आपल्याला जडली आहे. ते तात्पर्य ययाती स्वतःच सांगतो, म्हणून ते खोटे नाही. पण आख्यानाची बांधणी त्याहून अधिक काही सांगते. ययातीला जरेचा शाप देणारा शुक्राचार्य हा संजीवनी विद्येचा स्वामी आहे. मेलेल्या असुरांना तो उठवतो. त्याच्या पोटात गेलेला कच ही विद्या शिकून बाहेर येतो आणि गुरूला जिवंत करतो, ही कथा याच आख्यानाच्या आधी आलेली आहे. मृत्यूवर ज्याची सत्ता चालते त्याच पुरुषाकडे ययाती उःशाप मागतो; आणि त्याला काय मिळते? नवे तारुण्य मिळत नाही. स्वतःची जरा दुसऱ्या कोणाला देऊन त्याचे तारुण्य घेण्याची मुभा तेवढी मिळते. संजीवनीच्या स्वामीच्या हातूनही येथे तारुण्याची निर्मिती होत नाही, त्याचे हस्तांतर होते. आख्यानाचे सारे अर्थशास्त्र या एका अटीत सामावले आहे.

पुढचा प्रसंग सर्वपरिचित आहे. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात, पुरू होकार देतो. एक हजार वर्षे उपभोग घेऊन ययाती परततो, पुरूचे तारुण्य त्याला देतो, त्यालाच राज्य देतो आणि वनात जातो. ज्येष्ठाला डावलून कनिष्ठाला राज्य का, असे प्रजा विचारते व राजाला त्याचे उत्तर द्यावे लागते, हा तपशीलही अर्थपूर्ण आहे. ही वंशकथा आहे आणि तिचा विषय उत्तराधिकार आहे. राजा म्हातारा झालाच नाही तर राजपुत्र राजा कधी होणार, हा साधा राजकीय पेच तिच्या मुळाशी आहे.

येथे पाश्चात्त्य विचारातील एका प्रसिद्ध युक्तिवादाशी तुलना करणे उद्बोधक ठरते. चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२२ च्या नाटकातील एलिना माक्रोपुलोस ही गायिका एका औषधाच्या बळावर तीनशेहून अधिक वर्षांची झाली आहे. तिला आता कशातच रस उरलेला नाही. इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तिच्या आधारे असे मांडले की, ज्या इच्छांमुळे माणसाला जगावेसे वाटते त्या अनंत काळात संपून जातात. म्हणून अमरत्व अखेरीस असह्य कंटाळ्यात परिणत होते. ययातीचे निदान याच्या नेमके उलट आहे. हजार वर्षांनंतरही तो कंटाळलेला नाही. उलट, त्याची इच्छा तशीच जळते आहे. विल्यम्स यांच्या मते इच्छा संपते म्हणून अनंत आयुष्य व्यर्थ आहे, तर महाभारताच्या मते इच्छा संपतच नाही म्हणून ते व्यर्थ आहे. निष्कर्ष एकच, कारणे परस्परविरोधी. कंटाळ्यावर कदाचित उपाय निघू शकेल, नवे छंद, नव्या विद्या शोधता येतील. ज्या इच्छेला कितीही काळ पुरत नाही तिला आणखी काळ देणे हा मात्र उपायच होऊ शकत नाही. महाभारताचा युक्तिवाद या अर्थाने अधिक कठोर आहे.

३

खांडेकर १९३८ साली शिरोडे सोडून कोल्हापूरला आले ते चित्रपटकथांच्या निमित्ताने, आणि पुढे याच गावचे झाले. 'ययाती' प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. या कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि पुढे मराठीला पहिलाच १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. एवढ्या गौरवानंतरही समीक्षेने तिच्याकडे बहुतांशी एकाच अंगाने पाहिले. भोग विरुद्ध संयम, ययाती विरुद्ध कच, असे द्वंद्व मांडायचे आणि मग खांडेकरांच्या बोधवादाची व अलंकारप्रचुर शैलीची प्रशंसा तरी करायची किंवा निर्भर्त्सना तरी, अशी ती रीत आहे. या द्वंद्वात कादंबरीतील एक सूत्र झाकोळून जाते. खांडेकरांचा ययाती सुखाच्या मागे धावतो त्याआधी तो मृत्यूला घाबरतो. पिता नहुष मृत्युशय्येवर असताना हे भय तरुण राजपुत्राला गाठते. त्याची वासना ही या भयापासूनची पळवाट आहे. तारुण्याची याचना हा त्या पळण्याचा अखेरचा टप्पा. अशा रीतीने वाचले की कादंबरीचा विषय कामवासना एवढाच राहत नाही. मर्त्यतेशी समझोता न करू शकलेल्या माणसाची ती कथा ठरते.

मूळ आख्यानात खांडेकरांनी केलेला मोठा बदल काळाविषयीचा आहे. हजार वर्षांचा उपभोग कादंबरीत नाही. तारुण्य घेतल्यावर ते परत देण्याची निकड येथे फार लवकर उभी राहते. महाभारताचा ययाती अनुभवाच्या अखेरीस शहाणा होतो. खांडेकरांचा ययाती मुलाचे जराग्रस्त शरीर समोर पाहून हादरतो. पहिल्याला काळाने शिकवले, दुसऱ्याला दुसऱ्याच्या देहावर उमटलेल्या किमतीने. बोधवादाचा आरोप मान्य करूनही असे म्हणावे लागेल की या बदलामुळे प्रश्नाचा नैतिक गाभा उघडा पडला. हजार वर्षांच्या अंतराने पुरूचे हरवलेले तारुण्य आपल्या नजरेआड होत होते. खांडेकरांनी ते अंतर काढून टाकले.

हाच गाभा गिरीश कार्नाडांनी आणखी पुढे नेला. माथेरानला जन्मलेल्या आणि धारवाडला वाढलेल्या कार्नाडांचे कन्नड 'ययाती' १९६१ साली, म्हणजे खांडेकरांच्या कादंबरीनंतर दोनच वर्षांनी आले. त्यांनी पुरूला पत्नी दिली. चित्रलेखा आपल्या पतीला अकाली वृद्ध झालेला पाहते, सासऱ्याला जाब विचारते आणि विष घेते. तिच्या मृत्यूनंतरच ययाती जरा परत घेतो. पुरूच्या त्यागाचे गोडवे गाणाऱ्या परंपरेला पुरूचे तारुण्य हे एकट्या पुरूचे नव्हते, हे सुचले नव्हते. त्या तारुण्यावर आणखी कोणाचा तरी हक्क होता आणि तिला कोणी विचारले नाही. वि. वा. शिरवाडकरांच्या 'ययाती आणि देवयानी' या १९६६ च्या संगीत नाटकाचा भर वेगळा, विवाहातील विसंवादावर आहे. तरी सात वर्षांत तीन समर्थ लेखकांना हेच आख्यान पुन्हा हाताळावेसे वाटले, ही गोष्ट योगायोगाच्या खात्यावर टाकता येत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत जुन्या पिढीने नव्या पिढीकडे त्याग मागावा काय, हा प्रश्न समाजाच्या मनात होता; ययातीच्या रूपाने त्याला सनातन वाटावी अशी भाषा मिळाली.

४

ययातीची गोष्ट मागून घेतलेल्या आयुष्याची आहे. अश्वत्थाम्याची लादल्या गेलेल्या आयुष्याची. सौप्तिक पर्वात कृष्ण त्याला शाप देतो तो मृत्यूचा नाही. तीन हजार वर्षे एकट्याने, संवादावाचून भटकत राहण्याचा आहे. मूळ शापाला मुदत आहे. लोकपरंपरेने ती काढून टाकली आणि त्याला सप्तचिरंजीवांत बसवले. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्यात अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते. नर्मदेच्या परिक्रमेत तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत भेटतो, अशा कथा आजही सांगितल्या जातात. 'भळभळती जखम' म्हटले की मराठी वाचकाला त्याची आठवण होते. ही शिक्षा त्याला का झाली? द्रौपदीचे झोपलेले पुत्र त्याने मारले आणि उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले. म्हणजे त्याचा अपराध पुढच्या पिढीचा उच्छेद करण्याचा आहे आणि शिक्षा स्वतःचे आयुष्य न संपण्याची. ययातीच्या आख्यानाशी याचे आंतरिक नाते येथे स्पष्ट होते. मरण नाकारणे आणि जन्म नाकारणे या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, असे जणू महाभारतकार सुचवतात.

ज्ञानदेवकालीन परंपरेतील चांगदेवाची कथा या विचाराला तिसरी बाजू पुरवते. योगसामर्थ्याने काळाला चुकवत चौदाशे वर्षे जगलेला हा सिद्ध आळंदीच्या मुलाला पत्र लिहू पाहतो आणि मायन्यापाशीच अडतो. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर ज्ञानाने तो मोठा. 'तीर्थरूप' लिहावे, तर वयाने तो लहान. अखेर कागद कोराच जातो. इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, अशा आशयाचा मुक्ताबाईचा शेरा परंपरेने जपला आहे. पुढे तो तिचाच शिष्य होतो. ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला दिलेले उत्तर म्हणजे पासष्ट ओव्यांची 'चांगदेव पासष्टी'. तिचा विषय पाहणारा, पाहिले जाणारे आणि पाहणे यांचे ऐक्य हा आहे; चौदाशे वर्षांच्या वयाचा तेथे मुद्दाच होत नाही. ही कथा ऐतिहासिक अर्थाने खरी आहे की नाही, हे येथे गौण आहे. ज्याने १२९६ साली, परंपरेप्रमाणे विशी नुकतीच ओलांडली असताना समाधी घेतली त्याच्यासमोर चौदाशे वर्षांच्या पुरुषाला उभे करावे, असे वारकरी कल्पनाशक्तीला वाटले, हे महत्त्वाचे आहे.

साहित्यविचाराच्या दृष्टीने तो कोरा कागद विशेष लक्षणीय आहे. वाल्टर बेन्यामिन यांनी कथेकऱ्यावरील १९३६ च्या निबंधात असा विचार मांडला की, कथा सांगणाऱ्याला त्याचा अधिकार मृत्यूकडून मिळतो. आयुष्य संपताना प्रथमच ते सांगता येण्याजोगे होते. फ्रँक करमोड यांनी १९६७ मध्ये शेवटाच्या जाणिवेवर लिहिलेल्या ग्रंथाचे सूत्रही याच्याशी जुळते. आरंभ आणि मध्य यांना अर्थ येतो तो शेवटाच्या अपेक्षेमुळे. चांगदेवाजवळ चौदाशे वर्षांचा ऐवज आहे, पण त्याची कथा होत नाही. ज्या आयुष्याला शेवट नाही त्याला सांगता येईल असा आकारही नाही. अश्वत्थामाही आपली गोष्ट सांगत नाही. तो तेल मागतो आणि पुढे जातो.

५

'मृत्युंजय'कडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. जिल्ह्यातील आजऱ्याचे शिवाजी सावंत कोल्हापुरात शिक्षक होते. १९६७ साली कादंबरी आली तेव्हा त्यांचे वय २७ होते. त्याच वर्षी ६९ वर्षांच्या खांडेकरांची 'अमृतवेल' आली. एकाच गावातील दोन पिढ्यांच्या लेखकांनी एकाच वर्षी शीर्षकात मृत्यू आणि अमृत यांची नावे घ्यावीत, हा निव्वळ योगायोग असेल; पण अर्थपूर्ण योगायोग आहे. 'अमृतवेल'मध्ये अमृत आहे ते आपल्यापलीकडे पसरत जाणाऱ्या प्रेमात. 'मृत्युंजय'मध्ये ते आणखी मूर्त आहे. वनपर्वानुसार कर्णाची कवचकुंडले अमृतापासून उत्पन्न झालेली आहेत आणि ती अंगावर असेपर्यंत तो अवध्य आहे. ययाती दुसऱ्याकडून आयुष्य घेतो. कर्ण अंगावरचे अमृत कापून देतो. ज्याने मृत्यूला टाळले नाही, उलट त्याला आपल्यापर्यंत येण्याची वाट करून दिली, त्याला सावंत 'मृत्युंजय' म्हणतात.

दोन्ही कादंबऱ्या आत्मनिवेदनाच्या तंत्राने लिहिलेल्या आहेत. 'ययाती'त ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा बोलतात. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. फरक शेवटाचा आहे. कर्णाची कथा कर्ण पूर्ण करू शकत नाही; शेवटचा निवेदक कृष्ण आहे. आपल्या कथेचा शेवट दुसऱ्याच्या हाती सोपवावा लागणे, ही मर्त्यतेची अटच या रचनेतून व्यक्त होते. अनेक निवेदकांच्या या तंत्राबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्याचा मृत्यूच्या विषयाशी असलेला हा संबंध दुर्लक्षित राहिला.

कर्णाच्या पक्षाला महाभारतातच एक समर्थ आक्षेप घेतलेला आहे, तो येथे टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. कर्ण म्हणतो, आयुष्यापेक्षा कीर्ती मोठी. सूर्य त्याला विचारतो, मेलेल्याला कीर्तीचा उपयोग काय? कीर्ती शोभते ती जिवंत माणसाला. बापाने मुलाच्या आयुष्यासाठी केलेला हा युक्तिवाद आहे. ययाती बाप असून मुलाचे आयुष्य मागतो. सूर्य बाप असून मुलाने आपले आयुष्य सांभाळावे म्हणून आर्जव करतो. 'चि.' या एका अक्षराचा खरा अर्थ सूर्याच्या बोलण्यात आहे. सावंतांच्या कादंबरीचा उदात्त सूर कर्णाच्या बाजूने झुकतो आणि त्यामुळे बापाच्या युक्तिवादाचे वजन कमी होते, ही तिची मर्यादा मानावी लागेल.

६

सूर्याचा आक्षेप आणखी एका दृष्टीने मोलाचा आहे. मृत्यूमुळे जीवनाला अर्थ येतो, हे विधान फार सहज केले जाते आणि त्याचा उपयोग अकाली मृत्यूचे समर्थन करण्यासाठी होऊ शकतो. राजर्षी शाहू १९२२ मध्ये वारले तेव्हा त्यांना ४८ वे वर्षही पुरे झाले नव्हते. त्या मृत्यूने त्यांच्या कार्याला पूर्णता आली, असे कोल्हापुरात कोणी म्हणणार नाही. आणखी वीस वर्षे मिळती तर काय झाले असते, अशी हळहळच व्यक्त होते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरच्या घरात आहे. ही वाढ कोणा पुरूकडून हिरावून आणलेली नाही. स्वच्छ पाणी, लसी, प्रतिजैविके आणि सुरक्षित बाळंतपण यांतून ती आली आणि तिचा सर्वांत मोठा लाभ बालकांना झाला. आयुष्य लांबवणे आणि आयुष्य न संपवणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिलीत आशीर्वादाची दिशा टिकून राहते.

दुसरीची स्वप्ने आता प्रयोगशाळेत पाहिली जातात. तरुण आणि वृद्ध उंदरांचे रक्ताभिसरण जोडले असता वृद्धाच्या काही ऊती सुधारतात, असे २००५ मधील एका प्रसिद्ध प्रयोगात दिसले. तरुणांचा रक्तद्रव विकत घेऊन टोचून घेण्याची प्रथा काही ठिकाणी सुरू झाली, तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली तिच्याविरुद्ध इशारा दिला. २०२३ साली ब्रायन जॉन्सन या अमेरिकी उद्योजकाने आपल्या १७ वर्षांच्या मुलाचा रक्तद्रव स्वतःच्या शरीरात घेतला आणि स्वतःचा वडिलांना दिला. पुढे आपल्याला काही लाभ दिसला नाही, असे त्यानेच जाहीर केले. त्या मुलाची यात काही हानी झाली असे नाही, आणि मुलगा बापाला ज्या मायेने रक्त देतो तीच माया त्यात असू शकेल. तरीही आदिपर्वाच्या वाचकाला ही बातमी नवी वाटत नाही. मागणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे नाते, दोघांची वये, मागणीचा विषय, हे सारे त्याने आधी वाचलेले असते.

अमरत्व इष्ट आहे काय, या प्रश्नाला मराठी साहित्याने दिलेले उत्तर 'नाही' असेच आहे. पण ते विरक्तीचे उत्तर नाही. जीवन असार आहे म्हणून ते लांबवू नये, असे ययाती म्हणत नाही, कर्ण तर नाहीच नाही. जीवन हवेसे आहे, इतके हवेसे की ते पुढे द्यावे लागते. शुक्राचार्यांची अट पुढेमागे एखाद्या औषधाने मोडली, कोणाचेही काही न घेता तारुण्य टिकवता आले, तर या परंपरेला आपली मांडणी नव्याने तपासावी लागेल हे खरे. त्या दिवशीही एक प्रश्न उरेलच : ज्या घरात कोणी जागा सोडत नाही, त्या घरात 'चि.' कोणाला लिहायचे?